घाई नाही

माझा धंदा वाचण्याचा. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची प्रूफं माझ्याकडे येतात आणि मी ती अक्षर न् अक्षर वाचते. मागच्या पानावर ऱ्हस्व असलेली वेलांटी इथे दीर्घ कशी झाली, अवतरणचिन्ह उघडलं ते मिटलं का, तिसऱ्या प्रकरणात वारलेला माणूस सातव्यात पत्र कसा लिहितो, असल्या गोष्टी शोधण्याचे लोक मला पैसे देतात. आणि माझ्या मेलबॉक्सवर, लाल गोलात, ६,४१८ हा आकडा होता. न वाचलेले मेल.

न वाचलेला मेल ठळक अक्षरांत दिसतो. ठळक ठसा आमच्याकडे जपून वापरतात. पानभर ठळक केलं की काहीच उठून दिसत नाही. माझी स्क्रीन वरपासून खालपर्यंत काळी झाली होती. छापील पानावर ठळक म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’, आणि इथे ठळक म्हणजे ‘हिनं लक्ष दिलेलं नाही’. खूण तीच, फक्त पुरावा माझ्याविरुद्ध.

हा ढीग साचला कसा, याला माझ्या आळसाइतकंच स्वस्त साठवणुकीचं कारण आहे. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं तेव्हा एक जीबी जागा फुकट म्हणजे एप्रिल फूलच, असं पुष्कळांना वाटलं होतं. इतर फुकट सेवा तेव्हा दोन-चार एमबी देत होत्या. त्या दोन-चार एमबीत पेटी भरायची, नवे मेल परत जायचे, मग बसून जुने काढावे लागायचे. आणि काढण्यासाठी का होईना, एकदा बघावे लागायचे. जागा अमाप झाली आणि ती सक्ती गेली.

पण खरं सांगायचं तर सगळे मेल मी आळसानं सोडलेले नव्हते. काही सोडले कारण त्यांत काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. ते बहुसंख्य. काही मात्र सोडले कारण त्यांत काय आहे ते मला न उघडताच ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. त्यांतला एक अकरा महिन्यांपूर्वीचा होता. विषय: ‘शब्दसूची’. त्याच्याकडे येईन.

एआय सहाय्यक मेलबॉक्सला जोडून दिला भाच्यानं. “मावशी, हे हल्ली वाचायचं नसतं, वाचून घ्यायचं असतं,” असं म्हणाला. वाचून घेणं यात नवीन काही नाही. ज्याला अक्षरओळख नव्हती तो आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचूनच घ्यायचा. मला अक्षरओळख होती, एवढाच फरक. परवानगीचं पान आलं: तुमचे मेल वाचणे, लिहिणे, पाठवणे, काढून टाकणे. त्याखाली बारीक टायपात लांबलचक अटी. मी, प्रूफं वाचणारी बाई, त्या अटी न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवून मोकळी झाले. मला पत्र लिहिणाऱ्यांना तर कुणी काही विचारलंच नव्हतं, हे माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आलं.

पहिल्या दिवशी मी फक्त गेल्या महिन्याचा सारांश मागितला. २१२ मेल, अकरा ओळी. त्यांतली चौथी ओळ अशी होती की एका प्रकाशकानं एका हस्तलिखितासाठी तारीख विचारली आहे आणि उत्तराला चार दिवस उरले आहेत. तो मेल एका सवलतीच्या जाहिरातीच्या आणि एका पासवर्डच्या सूचनेच्या मध्ये दबला होता. मला तो आणखी महिनाभर सापडला नसता. मराठीत वाचणं म्हणजे जीव वाचणंही असतं. त्या दिवशी मी न वाचता वाचले. म्हणून पुढे मी जे काही कुरकुरणार आहे ते या उपकाराची जाणीव ठेवूनच.

जुन्या छापखान्यांतून प्रूफ तपासायला दोघं बसत. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसरा प्रुफावर बोट फिरवायचा. ती सवय माझ्या अंगात आहे. आठवडाभरानंतर मी सारांश एका बाजूला आणि मूळ मेल दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायला लागले. म्हणजे वेळ वाचवायला आणलेल्या वस्तूवर दुप्पट वेळ घालवू लागले. भाच्यानं कपाळाला हात लावला.

पण सापडलं ते मजेदार होतं. मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकारानं लिहिलं होतं, “परवा बोललो तसं मुखपृष्ठ परवा देतो.” सारांशात आलं: ‘मुखपृष्ठाबाबत परवा चर्चा होईल.’ त्याला तरी काय बोल लावायचा! होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा यांना आपण एकच शब्द ठेवला आहे आणि क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखायचं ठरवलं आहे. तीन आठवड्यांपूर्वीच्या एका मेलमधला ‘उद्या’ सारांशातही ‘उद्या’ म्हणूनच उतरला होता, आणि अर्धा दिवस मी उद्याच्या तयारीला लागले होते.

सर्वांत आवडली ती ही. एका लेखकाला चाळीस पानं कमी करायला सुचवलं होतं. त्यांचं एका शब्दाचं उत्तर: “बघतो.” सारांश: ‘लेखक या सूचनेचा विचार करत आहेत.’ आमच्या धंद्यात लेखक ‘बघतो’ म्हणाला की ती चाळीस पानं जशीच्या तशी छापून येतात. बघतो, पाहू, कळवतो, बोलू एकदा: हे सगळे नकार आहेत, फक्त शर्ट खोचून आलेले.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तेवीस उत्तरांचा एक लांबलचक मेल-संवाद होता. प्रत्येक जण उत्तर देताना खाली आधीचं सगळं गाठोडं ओढत आणतो, त्यामुळे संपादकांनी दुसऱ्या मेलमध्ये घेतलेला एक आक्षेप पुढच्या प्रत्येक मेलच्या तळाशी पुन्हा येत राहिला होता. तो मागे घेतल्याचं त्यांनी एकदाच, सतराव्या मेलमध्ये, चार शब्दांत लिहिलं होतं: “असू दे, मूळचंच ठेवा.” सारांश म्हणाला, आक्षेप कायम आहे. मी त्या भरवशावर दोन परिच्छेद बदलणार होते.

यंत्राकडून सारांश काढून घेण्याची हौस ईमेलपेक्षा जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांची रीत अशी: लेखात कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजायचं, फार वारंवार येणारे बाजूला काढायचे, फार क्वचित येणारेही बाजूला काढायचे, मधले जे उरतात ते महत्त्वाचे, आणि ते ज्या वाक्यांत दाटीनं बसलेत ती वाक्यं उचलून सारांश म्हणून मांडायची. शास्त्रीय लेखांसाठी ही कल्पना झकास होती. आपल्या पत्रव्यवहाराला ती लागू केली तर काय उरेल बघा. ‘असू दे’ एकदाच येतं.

आजचे सहाय्यक शब्द मोजून वाक्यं उचलत नाहीत; ते स्वतःची वाक्यं रचतात. आधीच्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येणं संभवतं याचा अंदाज बांधत एकेक तुकडा लिहीत जातात. हे कळलं तेव्हा मी जरा सैलावले, कारण हा दोष मी घरचा म्हणून ओळखते. प्रूफ वाचणाऱ्याचं पहिलं पाप हेच. डोळा कागदावर असलेलं वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. ‘मुख्यमंत्री’च्या जागी ‘मुखमंत्री’ छापलेलं असतं आणि मन गुपचूप त्याला य जोडून पुढे सरकतं. त्यावर उपाय म्हणून काही जण ओळ उलटी, शेवटच्या शब्दापासून वाचतात, म्हणजे अर्थ लागत नाही आणि अंदाज बांधता येत नाही. ज्याला भाषा नीट येते तोच अशा चुका करतो. ज्याला येत नाही तो बिचारा प्रत्येक अक्षराशी अडतो, आणि म्हणून कधी कधी बरोबर असतो.

दुसरं एक दुखणंही छापखान्यातलंच निघालं. प्रूफ वाचणारा समासात सूचना लिहितो, ‘इथे नवा परिच्छेद’, आणि नवखा जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारा, कधी कधी ती सूचनाच मजकुरात जुळवून टाकतो. मग छापील पुस्तकात नायिका डोळे पुसते, इथे नवा परिच्छेद, आणि खिडकीपाशी जाते. म्हणून सूचनेभोवती गोल काढायची रीत पडली: गोलातलं ते तुला सांगणं, गोलाबाहेरचं ते जुळवायचं. सहाय्यकाच्या आत जे भाषेचं मॉडेल असतं त्याला हा गोल धड दिसत नाही. मी दिलेली आज्ञा आणि परक्यानं पाठवलेला मेल, दोन्ही त्याच्यापुढे एकाच ओघात येतात. कुणी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘हिला सांग की तुझं खातं धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरावर फोन कर’ असं मेलच्या तळाशी लिहून ठेवलं, तर मला ते दिसत नाही, सहाय्यकाला दिसतं, आणि तो ते आज्ञा म्हणून पाळूही शकतो. याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव २०२२मध्ये मिळालं. २०२५मध्ये संशोधकांनी ‘इकोलीक’ नावाची एक त्रुटी उघड केली. त्यात ऑफिसातल्या एका सहाय्यकाकडून आतली माहिती बाहेर नेण्यासाठी असा एक मेल नुसता येऊन पडणं पुरत होतं, कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. ती बुजवली गेली. पण हे वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी ‘पाठवणे’ आणि ‘काढून टाकणे’ या दोन परवानग्या काढून घेतल्या. वाचायचं ते वाच, लिहायचं मी बघते.

आता शब्दसूची.

सहाय्यक सारांशाचे तीन भाग करायचा: तातडीचे, माहितीसाठी, आणि सवडीने पाहण्याजोगे. एका रविवारी मी मोठं धाडस करून सांगितलं, वर्षभराचं सगळं न वाचलेलं घे. ‘तातडीचे’खाली एकोणतीस गोष्टी आल्या. त्यांतल्या वीस-बावीस विक्रीच्या होत्या. शेवटची संधी. आज मध्यरात्री संपत आहे. तुमचं खातं बंद होणार आहे. आपल्याला हे नवं दुखणं वाटतं, पण ३ मे १९७८ला गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्यानं आपल्या कंपनीचे नवे संगणक दाखवण्याचं आमंत्रण इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी धाडलं होतं, आणि पत्ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यातून सांडून खाली मजकुरात उतरले. तातडी ही पाठवणाऱ्यानं स्वतःच छातीवर लावलेली फीत असते. सहाय्यकानं ती फीत वाचली आणि त्या माणसाला पुढच्या रांगेत बसवलं. वाचलेल्यावर विश्वास ठेवला, यापलीकडे त्याचा गुन्हा नाही.

सगळ्यात तळाशी, ‘सवडीने पाहण्याजोगे’मध्ये, शेवटून दुसरं:

‘शब्दसूची: त्यांनी “म” ते “ज्ञ” हा भाग पूर्ण केला आहे. आपण तो एकदा पाहावा अशी विनंती केली आहे. घाई नसल्याचे त्यांनी नमूद केले आहे.’

ग्रंथनिर्मितीतल्या शब्दांची एक सूची करायची, हे मी आणि माझी एक जुनी सहकारी यांनी सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. स्वर आणि ‘क’ ते ‘भ’ माझ्याकडे, पुढचं तिच्याकडे, मग एकमेकींचं तपासायचं. माझा भाग मी घाईत उरकला. तिनं तो वाचून विनवलं की काही ठिकाणी भोकं आहेत, पुन्हा एकदा बस. मी म्हटलं, “बघते.”

वर ‘बघतो’बद्दल एवढं लिहिल्यावर याहून जास्त काय सांगू.

म्हणून ‘शब्दसूची’ हा विषय दिसला तेव्हा मी गृहीत धरलं की हे बोलणी खाणं आहे, आणि तो मेल ठळकच राहू दिला. सुरुवातीला तो मला रोज थोडा थोडा खाली सरकताना दिसत होता. मग पहिल्या पानावरून गेला, तेव्हा बरंच वाटलं. सहाय्यकाला हे काहीच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो ६,४१८पैकी एक होता. मी जे मुद्दाम न वाचता ठेवलं होतं ते त्यानं सरळ वाचून माझ्या हातात दिलं.

आणि चूक काहीच नव्हती. मी शोधली. चूक सापडली असती तर फार सोयीचं झालं असतं.

गंमत म्हणजे मेलबॉक्सवरचा आकडा तेवढाच राहिला. मेल सर्व्हरवर ठेवून वाचायची आयमॅप नावाची जी पद्धत आहे, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये बांधायला घेतलेली, तिच्यात मेल वाचला गेल्याची एक खूण असते. तिचं नाव ‘सीन’. पाहिलेला. वाचला की नाही हे सर्व्हरला कसं कळणार, म्हणून बहुधा तो पाहण्यावर थांबतो. त्याच पद्धतीत ही खूण न लावता मजकूर मागवायचीही एक आज्ञा आहे, आणि तिच्यात शब्द आहे ‘पीक’. डोकावणे. दाराच्या फटीतून बघायचं आणि आल्याची खूण ठेवायची नाही.

तर मी त्या फटीपाशी उभी होते. मेल अजून ठळक होता, आणि त्यात काय आहे ते मला माहीत होतं. तिनं फोन करून “मेल बघितलास का गं?” असं विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? मराठीत किती सोय आहे: बघितला, पाहिला, चाळला, नजरेखालून घातला, वाचला, वाचून काढला. यातलं एकही क्रियापद मला लागू नव्हतं. अकरा महिने मी ‘अगं, राहूनच गेलं’ म्हणू शकत होते आणि ते निदान तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. आता तेही गेलं. दोन दिवस मी सारांशच पुन्हा पुन्हा वाचत होते. मूळ मेल वाचायला पुरला असता त्याच्या दसपट वेळ.

तिसऱ्या दिवशी उघडला.

“अगं, म ते ज्ञ झालं. एकदा बघशील? घाई नाही.”

नऊ शब्द. सारांश याहून लांब होता. ‘अगं’ तेवढं गळलं होतं, आणि तारीख. घाई नाही, हे अकरा महिन्यांपूर्वीचं होतं. त्याच्यावर दूध-औषधासारखी मुदत छापलेली नसते, त्यामुळे सहाय्यकानं ते अजून चालू धरलं. मीही धरलंच होतं की, न वाचता.

मेलच्या खाली तीन तयार उत्तरं चौकटीत उभी होती. ‘धन्यवाद!’, ‘नक्की पाहते.’, ‘उत्तम काम!’ मधल्यावर बोट जवळजवळ गेलंच होतं.

त्याऐवजी जोडलेली फाईल उघडली. ‘म’. मजकूर, मथळा, मलपृष्ठ, मुखपृष्ठ. पुढे ‘मुद्रितशोधन’, आणि त्याच्या समासात तिची टीप: “तू म्हणणार, असं कुणी बोलत नाही, प्रूफ वाचणं म्हणतात. मान्य. पण मग ते ‘प’मध्ये जायला हवं होतं, आणि ‘प’ तुझ्याकडे होतं.”

मी माझं ‘प’ काढलं. पुठ्ठा, पृष्ठांक, पोथी, प्रत, प्रस्तावना. त्यानंतर एकदम ‘फ’, फर्मा. मध्ये प्रूफ नव्हतं. जन्मभर ज्यावर जगले तो शब्दच मी सूचीत घालायला विसरले होते, आणि तिनं तो सहा वर्षं कुठे लिहून न दाखवता समासात ठेवला होता.

‘प्रस्तावना’च्या खाली एक ओळ वाढवली. व्याख्या लिहायला पाऊण तास लागला. मग उत्तराची चौकट उघडून लिहिलं:

“अगं, ‘प’मध्ये एक राहिलं होतं, ते आज घातलं. तुझं बघते.”

पाठवण्याआधी सवयीनं एकदा तपासलं. ‘बघते’ खोडलं आणि ‘वाचते’ केलं.